एक्केचाळिसावा

तिला वाटलं होतं, काकांच्या खोलीचं दार उघडलं की आत टेबलभर कागद असतील, पुस्तकांतून खुणेच्या चिठ्ठ्या डोकावत असतील आणि चष्मा कपाळावर सरकवत काका म्हणतील, "आलीस? बस. आधी हे वाच." दूर देशी शिकत असताना सहा वर्षं तिनं ही खोली मनात जपली होती. 'अठ्ठेचाळीस खंड झाले', 'आता साठ झाले', असं काका पत्रांतून कळवायचे, आणि आमच्या घरी इतिहासाचे साठ खंड आहेत, तेही चामडी बांधणीचे, असं ती मैत्रिणींना ऐकवायची.

प्रत्यक्षात खंड बाराच होते. तेच बारा, पाच वेळा.

पाच कपाटं आणि प्रत्येकात एकाच इतिहासाचा एकेक संच. दोनशे वर्षांपूर्वी एका शहराला नऊ महिने वेढा पडला होता, त्याची ही हकिगत. उन्हानं चामडं तडकतं म्हणून खिडक्या भर दुपारीही बंद. आत तेलाचा आणि चामड्याचा जड वास, आणि त्याच्या तळाशी विझलेल्या ओल्या लाकडासारखं काहीतरी. त्या अंधारात पांढरे सुती हातमोजे घातलेले काका एकेका खंडावरून फडकं फिरवत होते. गिऱ्हाइकांची डोकी पुसणाऱ्या न्हाव्यासारखे, असं तिच्या मनात आलं.

"यातलं वाचून किती झालं, काका?"

"वाचायला घेतलेच नाहीत मी."

आणि ते खरं वाटत होतं. पूर्वी मोठा छापील कागद दुमडून तसाच शिवत. पानं वरच्या कडेला जोडलेलीच राहत, आणि वाचणाऱ्यानं बोथट सुरीनं एकेक घडी कापत पुढं जायचं असे. या साठ खंडांतली एकही घडी कुणी कापल्याचं दिसत नव्हतं. न कापलेल्या संचाला शौकिनांत मान असतो म्हणे. तिला मात्र हसू आलं. वासाच्या लोभानं पंगतीत बसायचं आणि हात बांधून ठेवायचे, ही कसली खवय्येगिरी!

"अगं, तुझ्या काकांचा संसार माझ्याशी कमी आणि या कातड्याशी जास्त," काकू म्हणाली. हसत म्हणाली, पण खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून. ती आत पाऊल टाकत नव्हती, हे पुतणीच्या नंतर लक्षात आलं.

ती परतली होती ती वाचनालय काढायला. गावच्या शाळेतल्या पोरांना अभ्यासाच्या पुस्तकांपलीकडे कागद माहीत नव्हता. एका हॉलवाल्यानं जागा द्यायचं कबूल केलं होतं, पण अट घालून. सोमवारपर्यंत नाव घेण्याजोगा एखादा ग्रंथसंग्रह आत आला पाहिजे, नाहीतर हॉल फर्निचरवाल्याला. म्हणून तिनं काकांकडे पाचांतला एक संच मागितला.

"नाही," काका म्हणाले.

"अहो, पाच आहेत! एकसारखे! एक गेला तर काय उपाशी मरणार आहात?"

उपाशी म्हणताच काकांनी मान वर केली. मग पुन्हा फडकं फिरवू लागले. "दुसरं काहीही माग."

"दुसरं आहे काय तुमच्याकडे?" ती म्हणाली. "इतिहास लोकांचा असतो, काका. तुमच्या कपाटाचा नसतो."

रविवारी दुपारी काका-काकू डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. किल्ली नेहमीप्रमाणे घड्याळामागे होती. विचारून मिळत नाही ते न विचारता न्यायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. सोमवारी सकाळी टेम्पो यायचा होता. पोरांच्या हाती बंद पानं द्यायची नाहीत, निदान एका खंडाची तरी कापून ठेवू, म्हणून तिनं लोणी लावायची सुरी आणली, टेबलावरचा दिवा लावला आणि पाचव्या कपाटातला सातवा खंड काढला.

खंडाचे कोपरे झिजलेले होते. झिजलेले कसले, कुरतडलेले. म्हणजे एवढी उस्तवार करून उंदीरसुद्धा आवरत नाहीत यांना! ती मनाशी हसली आणि पहिली घडी कापली.

कर्र... असा बारीक आवाज झाला आणि पानं उघडली. छापील मजकूर सांगत होता की शहराच्या कोठारात नऊ महिन्यांचं धान्य होतं. शेजारच्या समासात कोळशानं लिहिलं होतं: 'खोटं. पाचव्या महिन्यात आम्ही कातडं उकळून खाल्लं.'

तिला पहिल्यांदा काकांचाच संशय आला. लपूनछपून वाचत असतील. मग हातातल्या सुरीकडे नजर गेली. ही घडी तिनं आत्ता कापली होती. बंद पाकिटात हात घालून लिहावं, तसं हे कुणी लिहिलं?

दुसरी घडी. 'हा लिहिणारा तिथं नव्हता.' तिसरी. 'हाही नव्हता, ज्याचं बघून यानं लिहिलं.' अक्षर तिरकं, दाबून काढलेलं, लिहिणाऱ्याला समोरच्याची कीव करायलाही वेळ नसावा असं. तिला भीती वाटायला हवी होती. पण अभ्यासकाची हाव जबर असते. वेढ्यातल्या माणसाचा शब्द! अंगठा काळा झाला होता, तो पुसायचं भानही तिला राहिलं नाही.

सहाव्या घडीत छापलं होतं, कोठाराच्या तळघरात धूर सोडला तेव्हा चाळीस माणसं गुदमरून मेली. समासात: 'एक्केचाळीस. मला धरलं नाही.'

"मी धरीन," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मी सगळ्यांना सांगेन."

सातवी घडी कापली. तिथं छापील मजकुराशी काही संबंध नव्हता. 'तू? तू कोण मोजणार? मोजणाऱ्या फार आल्या.'

दिव्याभोवतीची हवा धुरकट झाली होती. ओल्या लाकडाचा वास आता तळाशी नव्हता, नाकाशी होता. पाठीमागच्या कपाटात कुणीतरी सावकाश, सवडीनं काहीतरी चघळत होतं... थांबत होतं... पुन्हा चघळत होतं. ती वळली नाही. हात थांबला नाही, हे खरं नवल. आठवी घडी. 'वाचनालय म्हणे.'

नवव्या घडीत एवढंच होतं: 'उद्या गाडी येणार ना? पोरं किती? नीट मोजून सांग.'

काका-काकू परत आले तेव्हा ती व्हरांड्यात बसून अंगठा साबणानं घासत होती. डाग तसाच होता. काकांनी तो पाहिला आणि ते पायरीवरच बसले.

"किती घड्या?"

"नऊ."

"मी चारच कापल्या होत्या. तीस वर्षं झाली." त्यांनी हातमोजा काढला. कधी काढत नसत. उजव्या अंगठ्यावर तसाच काळा ठसा होता. "माझा पहिला संच होता तो. समासात लिहिणारा आधी चुका काढायचा इतिहासकाराच्या. मला मौज वाटायची, काय हुशार माणूस आहे! मग विचारलं त्यानं... घरात कोण कोण आहे."

"मग?"

"मी पेन्सिल घेतली, बाळ. लिहिलं, आम्ही दोघं. आणि तिसरं यायचंय."

काकू आत निघून गेली. या घरात कधी पाळणा हलला नाही, हे पुतणीला लहानपणापासून ठाऊक होतं. कारण विचारायचं नसतं, एवढंही ठाऊक होतं.

"त्या चार घड्या बाइंडरनं चिकटवून दिल्या. पण कुठलाही संच काढ, कुठलाही खंड. जिथं थांबला तिथून तो पुढं बोलतो. म्हणून बाजारात संच आला की मी घेतो. दुसऱ्याच्या घरी जायला नको."

"जाळून का नाही टाकले?"

"धुरानंच मेला ना तो," काका म्हणाले. "एक संच जाळून पाहिला. त्या रात्री..." त्यांनी हातमोजा पुन्हा चढवला.

या माणसाला आठवडाभर ती मनातल्या मनात न्हावी म्हणत होती. दुसऱ्याची टर उडवायला आपल्याला वेळ लागला नाही. समासातल्या त्याच्यात आणि आपल्यात तेवढ्यापुरता फरक नव्हता, हे तिला बोचलं.

सकाळी काकांनी बाइंडरला बोलावून घेतलं. हा म्हातारा महिन्याला येऊन खाल्लेले कोपरे नव्या चामड्यानं सांधून देई, आणि उंदरांबद्दल कधी चकार शब्द काढत नसे. त्यानं खळीची वाटी ठेवली, पानं न उघडता नुसत्या वरच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मोजू लागला.

"ताई, नऊ म्हणालात. दहा आहेत."

"नऊच कापल्या मी."

"असतील." त्यानं खंड उजेडाकडे धरला. "सुरी बाहेरच्या कडेनं शिरते आणि शिलाईकडे जाते. कागदाची कुसं त्याच अंगाला झुकतात. या नऊ बघा, अशाच. ही दहावी उलटी आहे." त्याचा अंगठा थबकला. "ही शिलाईकडून बाहेर येत कापलीय."

"तसं कसं कापता येईल?"

"बाहेर बसून नाही येत," बाइंडर म्हणाला.

तो पान उघडून पाहणार तोच तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. "बघू नका. चिकटवा."

दारात टेम्पोचा हॉर्न वाजला. त्यापाठोपाठ तिचा फोन. हॉलवाले घाईत होते.

"काय हो मॅडम, निघाली का पुस्तकं? आणि पोरं किती येणार ते सांगा. आकडा द्या नक्की, खुर्च्या मांडायच्यात."

खोली एकदम शांत झाली. पाचही कपाटं ऐकत असावीत तशी. कपाटातलं बारीक चघळणं थांबलं होतं.

वाचनालय डोळ्यांसमोरून गेलं, खिडक्या उघड्या असलेलं, गलका असलेलं. मग तिनं काकांच्या टेबलावरचे पांढरे हातमोजे उचलले, एक हातात चढवला आणि कपाटांपर्यंत स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"एकही नाही. हॉल देऊन टाका फर्निचरवाल्याला."