डाव्या डोळ्याचा निकाल

किर्तीला आजवर कुणी नापास केलं नव्हतं. दहावीत नाही, आयटीआयत नाही, फोर्कलिफ्टच्या ट्रेनिंगमध्ये तर नाहीच. त्या रविवारी मात्र एका मोबाईलने केलं.

अंबरनाथ पश्चिमेच्या बुद्धविहारात डोळे तपासायचं शिबिर होतं. किर्ती आईला घेऊन आली होती, पण सगुणाबाई खुर्चीजवळ जाईनात. "आधी तू कर, मग मी," म्हणाल्या. किर्तीला ते बरंच पडलं. एमआयडीसीतल्या कंपनीच्या अर्जासोबत डोळ्यांची चिठ्ठी लागणार होती. ती ऐटीत खुर्चीवर जाऊन बसली.

दोन मीटरवर फोन धरून एक तरुण उभा होता. बाह्या दुमडलेल्या, केसांना धड वळण नाही, डोळे मात्र हसरे. छातीवरच्या बिल्ल्यावर लिहिलं होतं, मिलिंद.

"सोपं आहे," तो म्हणाला. "फोनवर इंग्रजी ई दिसेल. त्याचे तीन पाय ज्या बाजूला, तिकडे हात करायचा. तुम्ही दाखवाल तसं मी बोट फिरवणार. स्क्रीन तुमच्याकडे असते, मला काही दिसत नाही. मी फक्त तुमच्याकडे बघणार."

"फक्त माझ्याकडे?"

"म्हणजे... तुमच्या हाताकडे," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

उजवा डोळा झटक्यात झाला. मग उजवा झाकून डावा. ई बारीक होत गेला आणि चौथ्याच वेळी त्याची मुंगी झाली. किर्तीने ठासून वर हात केला. मग खाली. मग डावीकडे, तोही ठासून. फोन थरथरला आणि मिलिंदने तो उलटा करून बघितला.

"डावा कमी आहे. बराच."

"परत घ्या."

त्याने दोनदा घेतलं. उत्तर तेच आलं.

"तुमचं ॲप बिघडलंय," किर्ती म्हणाली.

"मग उजव्याला बरोबर कसं आलं?"

पुढच्या सोमवारी कंपनीची मेडिकल होती. सोळा पोरांत ती एकटी मुलगी, ट्रेनिंगमध्ये पहिली आलेली, आणि पप्पांनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटायचं कबूल करून ठेवलेलं. तिने आवाज खाली आणला.

"चिठ्ठीवर दोन्ही चांगले लिहा ना. फोर्कलिफ्ट चालवायची नोकरी आहे, मेडिकलचं मी बघते. तिथला तक्ता मला पाठ आहे."

"पाठ?"

"सगळ्यांनाच पाठ आहे. डॉक्टरने कित्येक वर्षांत बदलला नाही. आधीच्या बॅचवाल्यांनी ग्रुपवर फोटो टाकलाय. झोपेत विचारा, शेवटच्या ओळीपर्यंत म्हणून दाखवते."

मिलिंद बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिला.

"लिहिलं तर खूश व्हाल?"

"खूप."

"तुम्हाला खूश करायला मला आवडेल... खरंच. पण त्या गाडीच्या डाव्या बाजूला कुणीतरी उभं असणार ना." आणि त्याने खरा आकडा लिहिला. खाली शेजारच्या शहरातल्या कॅम्प चार भागातल्या चष्म्याच्या दुकानाचा पत्ता टाकला. "मी इथे असतो. नंबर निघेल. चष्मा लावला की झालं."

"मला चष्मा नको," किर्ती म्हणाली, आणि आईला तशीच घेऊन निघाली.

तीन दिवस ती त्याच्यावर धुमसत होती. बुधवारी सरावाच्या मैदानात, फोर्कलिफ्टवर बसल्या बसल्या, सहज म्हणून तिने उजव्या डोळ्यावर हात ठेवला. डावीकडे पिंपांजवळ इन्स्ट्रक्टर उभे होते. शर्टचा निळा रंग दिसला, पण ते तिच्याकडे तोंड करून आहेत की पाठ, हे काही केल्या कळेना. त्यांनी हाक मारली तेव्हा समजलं. किर्तीने गाडी बंद केली आणि थोडा वेळ खाली उतरलीच नाही. एरवी दोन्ही डोळे उघडे असले की उजवा डाव्याची चूक झाकून घेत होता, आणि ती स्वतःला गरुड समजत होती.

शुक्रवारी ती कॅम्प चारला गेली. दुकानाच्या माळ्यावर जीन्स शिवायच्या मशीनी खडखडत होत्या. तिला दारात बघून मिलिंदच्या हातून काचांचा ट्रे कलंडला.

"आ गई?" गल्ल्यावरचे कमलेशसेठ म्हणाले. "बेटा, पाँच दिन से ये ग्राहक की नहीं, दरवाज़े की आँख जाँच रहा है."

मिलिंदने न ऐकल्यासारखं केलं. तिच्या नाकावर जाड चौकट ठेवली, एकेक काच घातली, काढली. त्याच्या बोटांना स्पिरिटचा वास येत होता. समोरच्या गल्लीतल्या पाटीवरची अक्षरं हळूहळू सुटी झाली आणि किर्ती ती एकेक करून वाचत सुटली.

मग त्याने फ्रेम निवडून दिली.

"कसा दिसतो?" तिने विचारलं.

"चष्मा चांगला दिसतो. बाकीचं... दुकानात सांगता येत नाही."

"मग कुठे सांगता येतं?"

"आधी मेडिकल होऊ दे."

सोमवारी डॉक्टरांनी तिचा उजवा डोळा झाकला आणि तक्त्याकडे बोट केलं. चष्म्यातून अक्षरं लख्ख दिसत होती. पण दुसऱ्या ओळीवर नजर पोचायच्या आधीच तोंडाने तिसरी म्हणायला घेतली. किर्ती थांबली. तशीच म्हणत गेली असती तर दोन मिनिटांत नोकरी हातात होती.

"डॉक्टर, हा तक्ता मला पाठ आहे," ती म्हणाली. "आमच्या सगळ्यांनाच आहे. मला दुसरं काहीतरी वाचायला द्या."

डॉक्टरांनी स्वतःचा चष्मा कपाळावर सरकवून तिच्याकडे बघितलं. "अर्ज रद्द करू शकतो मी, माहीत आहे?"

"माहीत आहे."

ते उठले, तिला खिडकीशी नेलं. "रस्त्यापलीकडचा टेम्पो. नंबर वाच. उजवा झाकूनच."

तिने वाचला. मागे उभ्या ट्रकचाही वाचला. डॉक्टरांनी 'चष्म्यासह फिट' असा शिक्का मारला आणि शिपायाला बोलावून तक्ता भिंतीवरून उतरवायला लावला. बाहेर रांगेतल्या पोरांनी तिच्याकडे जे बघितलं, ते इथे न लिहिलेलं बरं.

ती तडक कॅम्प चारला आली. मिलिंदला दुकानाबाहेर बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं.

"तू स्वतःहून सांगितलंस?" त्याला 'तुम्ही'चं भानही राहिलं नाही.

"हो. तू त्या दिवशी खोटं लिहिलं असतंस ना, तर मी थँक्यू म्हटलं असतं आणि संध्याकाळपर्यंत विसरले असते तुला."

"मला उलटं वाटत होतं. खरं लिहिलं, आता ही काही परत येत नाही. लिहितानाही तेच वाटत होतं... तरी लिहिलं."

"म्हणूनच आले. मला तू आवडतोस, मिलिंद."

माळ्यावरच्या मशीनी अजून खडखडत होत्या.

"हे मी बोलणार होतो," तो शेवटी म्हणाला. "मांजर्लीच्या घरून निघताना रोज ठरवायचो. धीर होत नव्हता."

"मग आता बोल."

"आवडतेस. पहिल्या दिवसापासून... चुकीचा हात इतका ठासून दाखवणारी मी कुणी पाहिली नव्हती."

किर्ती मोठ्याने हसली आणि तिने त्याचा हात धरला. चौकातल्या दोन बायका वळून बघू लागल्या. कमलेशसेठही दारात आले. तिने हात सोडला नाही.