खालचा पंचम

करंट आता लवकर येत नाही. बसा, दिवा जरा इकडे सरकवा. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शिकवणीच्या मुलींसमोर मी हा विषय काढत नाही. आणि आधीच सांगून ठेवते, मी घाबरट नाही. पापनाशमच्या त्या घरातसुद्धा मी फारशी घाबरले नव्हते.

केबल टीव्ही नुकताच आला होता तेव्हाची गोष्ट. तंजावुरात ज्याच्या त्याच्या घरी सिंगापूरहून आणलेला कॅसिओ दिसायला लागला होता. आईबापांना वाटायचं, मुलीला आपलं गाणं तर यावंच, पण थोडं वेस्टर्नही यावं. मला दोन्ही येत होतं. गाणं मी आत्याकडे शिकले, पियानो कॉन्व्हेंटच्या सिस्टरकडे. शाळेतली नोकरी सोडून मी घरोघरी शिकवण्या करायला लागले, आणि खोटं कशाला बोलू, 'कनकलता टीचर' हे नाव राजवाड्यामागच्या गल्लीपासून कुंभकोणमपर्यंत चालत होतं.

अनिरुद्धराव म्हणजे आपल्यातलेच, तंजावुरी मराठी, पापनाशमला त्यांची भातगिरणी. त्यांनी निलगिरीतला कुठलासा बंगला मोडीत निघाला तेव्हा तिथला उभा पियानो उचलून आणला होता. कॅसिओ नव्हे, खरा पियानो. मुलगी विनुता, तिसरीत शिकणारी. शनिवारी दुपारी कुंभकोणमची बस धरायची, पापनाशमला उतरायचं, शिकवणी आटोपून दिवेलागणीच्या आत घरी. असं ठरलं.

घर रस्त्यापासून आत होतं. पुढे तिन्नै, म्हणजे आपला बसायचा ओटा, आत दिवाणखाना, मग जेवणघर, मागे न्हाणी आणि परसू. तिन्ही बाजूंना भातशेती. दुपारी गिरणी बंद असली की इतकी शांतता, की भिंतीवरच्या पालीचं चुकचुकणंही मोठं वाटायचं. दिवाणखान्यात ओल्या लाकडाचा वास भरून राहिलेला. पियानोचाच तो. इतकं ऊन असूनही तो वाळत नव्हता.

माझा पहिला धडा ठरलेला असतो. विनुताला मी पियानोचं वरचं झाकण उघडायला लावलं, उजव्या पेडलवर माझा पाय ठेवला आणि म्हटलं, "आत तोंड करून 'आ' म्हण बघू. मोठ्यानं."

"आऽऽ," विनुता म्हणाली आणि थांबली.

आतून हलकेच उत्तर आलं, "आऽऽ..."

पोरगी अशी हसली! मग 'ऊ' म्हणून पाहिलं, 'ई' म्हणून पाहिलं. जे म्हणावं ते परत येत होतं.

"आत कोण आहे, टीचर?"

"कोणी नाही गं. हे पेडल दाबलं की सगळ्या तारा मोकळ्या होतात. तू जो स्वर लावतेस त्या स्वराची तार आपोआप थरथरते. तू ओरडलीस की विहीर ओरडते ना, तसं."

हे शास्त्र आहे. यात काही भुताटकी नाही. आजवर मी किती मुलींना हे दाखवलं असेल. पहिल्या दिवशी भीती मोडते आणि कान उघडतात, म्हणून दाखवते.

दोन-तीन शनिवार छान गेले. विनुताचा आवाज म्हणजे घासलेल्या चांदीच्या वाटीसारखा. वरचा षड्ज सहज लागायचा, खाली मात्र निषादाशी गळा संपायचा. लहान मुलींचा तिथंच संपतो. नवरात्रात, बोम्मैकोलू म्हणजे बाहुल्यांची आरास मांडतात तेव्हा, तिला सगळ्यांसमोर बसवायचं असं तिची आई नंदिता आणि मी ठरवून टाकलं.

त्यानंतरच्या शनिवारी विनुतानं हट्टानं पुन्हा तो खेळ मागितला. मी पेडल दाबलं. तिनं 'सा' लावला. उत्तर आलं, पण जरा उशिरा. आणि उत्तर येण्याआधी मला आतून आणखी एक आवाज ऐकू आला. अगदी बारीक. तुम्हीही गाता, तुम्हाला कळेल. गाण्याआधी माणूस श्वास घेतो ना... तो.

तारेला श्वास कुठला?

मी पाय उचलला. म्हटलं, लाकूड जुनं आहे, कुठे फट असेल, वारा शिरला असेल. नंदिताला एवढंच सांगितलं, की मी नसताना मुलीला पेडल दाबू देऊ नका.

"पण अक्का, ती सारखी तिथंच असते," नंदिता म्हणाली. "शाळेतून आली की आत तोंड घालून बोलत बसते. मी विचारलं तर म्हणते, शिकवतेय. कोणाला शिकवते, काय की!"

मी हसण्यावारी नेलं. मुलं बाहुलीला नाही का शिकवत?

पुढच्या आठवड्यात नंदिताचा फोन आला. विनुताचा घसा बसला होता. थोडाथोडका नाही, आवाजच उमटत नव्हता. तंजावूरच्या मोठ्या डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं. घसा स्वच्छ, सूज नाही, ताप नाही. अनिरुद्धराव म्हणत होते, नजर लागली. नंदितानं मिरच्या-मीठ ओवाळून टाकलं. मी म्हटलं, "मी येते. शनिवारची वाट बघत नाही."

ऐन दुपारी पोचले. नंदिता तिन्नैवरच बसली होती. माझा हात धरून कुजबुजली,

"अक्का, काल मी परसात कपडे वाळत घालत होते. आतून विनुताचं गाणं ऐकू आलं. स्वच्छ, पहिल्यासारखं. मला वाटलं, देव पावला. धावत आत गेले... तर विनुता जेवणघरात होती. माझ्याकडेच बघत होती. तोंड मिटलेलं. आणि गाणं चालूच होतं."

"पियानोतून?"

नंदितानं मान डोलावली. तिचे डोळे भरून आले. "माझी पोर नुसते ओठ हलवते हो. 'अम्मा' म्हणते ते मला ओठांवरून ओळखावं लागतं."

मी विनुताला मांडीवर घेतलं. म्हटलं, "घाबरू नकोस. मला कानात सांग. पियानोत तू कोणाशी काय बोललीस?"

तिच्या तोंडून नुसती हवा आली. त्या हवेतले शब्द मी कसेबसे वेचले.

"ती म्हणाली... मला आवाज नाही... तुझा थोडा वेळ देतेस का... मी म्हटलं, घे."

तुम्हाला वाटेल, मी पळाले असेन. मला आला तो राग. माझ्या विद्यार्थिनीचा गळा म्हणजे माझ्याकडची ठेव. मी नंदिताला सांगितलं, "हिला घेऊन जेवणघरात बसा. काही ऐकू आलं तरी दार उघडू नका." दिवाणखान्याचं दार लावलं. खिडकीतून ऊन सरळ पियानोवर पडलं होतं. मी स्टुलावर बसले, झाकण उघडलं आणि पेडल दाबलं.

"कोण आहेस ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण इथे टीचर मी आहे. गायचं असेल तर मी सांगेन तसं गायचं."

आत काही हललं नाही. फक्त ओल्या लाकडाचा वास एकदम वाढला.

मी 'सा' लावला.

श्वास घेतल्याचा आवाज आला... आणि मग विनुताचा 'सा'. हुबेहूब. 'सा'च्या शेवटी तिचा आवाज किंचित वर उचलला जायचा, ती खोडसुद्धा. पेडलवरचा पाय मी हलवला नाही.

ती चूक सवयीनं माझ्या तोंडून दुरुस्त झाली. "शेवट उचलू नकोस. पुन्हा."

पुन्हा 'सा' आला. या वेळी सरळ.

तेव्हा मला कळलं, की ही शिकायला उत्सुक आहे. सांगितलेलं ऐकते. आणि जी ऐकते तिला कुठेही नेता येतं. मी तिला वर नेलं, रे, ग, म, प. भराभर मागे येत होती, खुशीत होती. मग खाली वळले. मधल्या षड्जापर्यंत आलो. तिथून मी हळूच खालचा निषाद लावला. तीही आली, पण आवाज पातळ झाला होता. विनुताचा गळा तिथं संपतो, हे मला ठाऊक होतं. तिला ठाऊक नव्हतं.

माझा आवाज लहानपणापासून जाड. लग्नात बायकांबरोबर मी गायला लागले, की पुरुष वळून बघायचे. त्याची मला एके काळी लाज वाटे. त्या दुपारी मी तोच आवाज सोडला. खालचा धैवत लावला आणि थांबले.

आत शांतता. मग काहीतरी खरवडल्यासारखं झालं, जणू कोणी अंगात घट्ट बसलेला कपडा ओढून काढत होतं.

"ये," मी म्हटलं. "खाली ये. मी आहे."

मी खालचा पंचम लावला. आणि आतून पंचम आला.

तो विनुताचा नव्हता. बाईचा होता, पुरुषाचा होता, मला सांगता येणार नाही. घोगरा, थंड, कितीतरी दिवस न वापरलेला. माझ्या स्वराला तो असा चिकटला, की माझा कुठे संपतो आणि त्याचा कुठे सुरू होतो ते मलाच कळेना. माझ्या छातीच्या आत तो वाजत होता. एक क्षण... एकच क्षण मला वाटलं, की मी गायची थांबलेय आणि तरी माझं गाणं चालू आहे.

मी पेडलवरून पाय उचलला. धप्प करून सगळ्या तारा दबल्या.

आणि जेवणघरातून विनुताची हाक आली. "अम्मा! अम्मा, मला भूक लागली!"

मी दार उघडून आत गेले तेव्हा नंदिता मुलीला कवटाळून रडत होती. विनुताची बडबड थांबेना. गेल्या कित्येक दिवसांचं सगळं तिला एकदम सांगायचं होतं. मी भिंतीला टेकून खाली बसले.

जरा वेळानं नंदिता डोळे पुसत म्हणाली, "अक्का, तुमच्याबरोबर आलेल्या त्या बाईंना कापी तरी दिली असती. थांबल्याच नाहीत."

"कोण बाई?"

"आत्ता दिवाणखान्यातून आल्या ना, तुम्ही दार उघडायच्या जरा आधी. पाणी मागितलं. मी टंबलर भरून दिला, उभ्यानंच घटाघटा प्यायल्या, मागच्या दारानं गेल्या." नंदिता थोडी अडखळली. "शब्द आपलेच, मराठी. पण एकेक शब्द असा सावकाश मांडत होत्या, जसं पहिल्यांदाच बोलतायत."

दिवाणखान्यात मी एकटी होते. दार आतून मी लावलं होतं. मी परसात जाऊन पाहिलं. वाळत घातलेले कपडे, पलीकडे हिरवं भात, त्यामधून रस्त्याकडे गेलेला बांध. माणूस नाही.

नंदिताला मी एवढंच म्हटलं, "हो, माझ्या ओळखीच्या होत्या."

अनिरुद्धरावांनी पियानो गिरणीच्या मागे नेऊन ठेवला आणि विनुताला कॅसिओ आणून दिला. पियानोत मी पुन्हा तोंड घालून पाहिलं होतं. नुसत्या तारा थरथरत होत्या, शास्त्राप्रमाणे. लाकूडही वाळलं होतं. नवरात्रात विनुता गायली तेव्हा पापनाशमच्या अर्ध्या बायका रडल्या. मी पुढे बसून ताल धरला होता आणि तोऱ्यात होते. का नसावं? जे डॉक्टरांना जमलं नाही ते मला जमलं होतं.

त्याला आता काही वर्षं झाली. तुम्ही विचारलंत ना, आज दुपारी माझ्या दारातून ती आई मुलीला घेऊन रडत का गेली? तेच सांगते.

त्या मन्नारगुडीहून आल्या होत्या. आईचं नाव राजम, मुलगी सातएक वर्षांची. मुलीचा घसा बसलेला, आवाज अजिबात नाही, डॉक्टरांना काही सापडत नाही. मी मनात म्हटलं, ओळखीचं दुखणं आहे, औषध माझ्याकडे आहे. राजमला विचारलं, "आधी कोणाकडे शिकत होती?"

"घरीच एक टीचर यायच्या, दुपारच्या वेळी," ती म्हणाली. "फार मन लावून शिकवायच्या. पाणी तेवढं सारखं मागायच्या. गेल्या महिन्यात यायच्या बंद झाल्या. पत्ता दिला नव्हता."

मुलीला समोर बसवलं, हसून तिच्या गालाला हात लावला आणि तिला धीर यावा म्हणून 'सा' लावला.

मुलगी ताडकन उठली आणि आईच्या पाठीमागे लपली. आईनं खाली वाकून तिच्या ओठांशी कान नेला. पुन्हा पुन्हा विचारलं. मग माझ्याकडे बघून ओशाळं हसली आणि हसता हसताच तिला रडू फुटलं.

"टीचर, राग मानू नका... ती म्हणते, घरी यायच्या त्या टीचर तुमच्याच आवाजात गायच्या."

उद्या सकाळी दोघींना पुन्हा बोलावलंय. मी त्या मुलीला आवाज परत मिळवून देईन, त्यात मला शंका नाही. वाट मला ठाऊक आहे, त्या बाईला माझ्या स्वरामागे बोलवायचं, खालच्या पंचमापर्यंत उतरवायचं आणि तिच्याजवळचा परका आवाज टाकायला लावायचा. फक्त त्या दुपारी पंचमावर आमचे स्वर चिकटले तेव्हा कोणता कोणाकडे राहिला कोण जाणे, आणि म्हणून एवढंच कळत नाही, की उद्या खाली उतरल्यावर परका आवाज कोणाजवळचा सुटेल... त्या बाईजवळचा, की माझ्याजवळचा.