दोन भोवरे, चॅनेल सहा

चित्र: स्वच्छ.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते थेट वरून. मी मैदानात, डोळ्यांवर गॉगल. माझं छोटं विमान टेकडीपलीकडे, त्याच्या नाकावर कॅमेरा. तो पाहील ते मला दिसतं. दिसलं... झाडाखाली पेरू खाणारा एक माणूस. डोक्यावर दोन भोवरे.

चित्र: मुंग्या. मग काळोख.

थोड्या वेळाने तोच मोडकं विमान काखेत घेऊन आला.

"हे तुमचं? माझा पेरू थोडक्यात वाचला. दुरुस्तीचं दुकान आहे माझं, या."

गेले. मग जातच राहिले. कधी स्क्रू सैल, कधी उगाच.

चित्र: स्वच्छ. आता टेकडीमागेही! कसं काय?

सोडण्याआधी विमान तोंडाजवळ धरून बोलायची माझी सवय. म्हटलं, "जा बाई, भोवरेवाल्याला बघून ये. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं!"

संध्याकाळी दुकानात, सोल्डरच्या धुरातून तो म्हणाला, "मी एकाच लग्नाचा माणूस आहे हं."

पण ते तर मी फक्त विमानाला सांगितलं होतं!

घरी येऊन तपासलं. विमान पाठवतंय चॅनेल दोनवर. गॉगल घेतोय सहावरून. मग मधे कोण बसलंय? सकाळी विमान टेकडीवरून फिरवलं, तर माथ्यावर एक डबा.

"टेकडीवर डबा कोणी लावला?" दुसऱ्या दिवशी मी दुकानात उभी.

"...मी."

"माझं चित्र चोरता?"

"पुढे ढकलतो. टेकडी आडवी येते ना. डबा तुमचं दोनवर घेतो, सहावर सोडतो. गॉगल मीच सहावर लावून दिला."

"आणि विमानांच्या शर्यतीआधी माझी उडायची वाट तुमच्या दाजींना दाखवता! तेही शर्यतीत उतरलेत. मी काय दूधखुळी आहे?"

"दाजींना? ते मला चहा पाजत नाहीत!"

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही 'मदत नको' म्हणाला असता."

म्हणाले असते. पण...

"माझं बोलणं कसं ऐकलंत?"

तो कानापर्यंत लाल. "तुमच्या विमानात मी बसवलेल्या नव्या ट्रान्समीटरला माइक आहे. इथल्या स्क्रीनवर सहा लावला की... उद्या विमान डब्याशेजारी उतरवा. हेडफोन घाला. नाही पटलं, तर डबाही उपटतो आणि मीही दिसणार नाही."

रात्रभर मन म्हणत होतं, गोड बोलून गळा कापणारा दिसतोय.

चित्र: स्वच्छ. गवत. त्याचे बूट. उघडा डबा. मी डोळे बारीक केले. एक घेणारा, एक सोडणारा, मधे वायर. रेकॉर्डिंगचं कार्ड? नाही. दाजी? नाहीत.

कानात खरखर, मग तो.

"डबा चित्रासाठीच लावला. ऐकत बसलो, ती चूक माझी. पण तू विमानाशी बोलतेस ना... तसं कोणी माझ्याशी बोलावं, असं वाटायला लागलं."

'तू'? हे कधीपासून?

त्याने डोकं कॅमेऱ्यासमोर वाकवलं. "मोजून घे. दोनच आहेत. पण लग्न एकच करायचंय... तुझ्याशी. तुझं उत्तर इथे ऐकू येणार नाही. हो असेल, तर शेपूट हलव."

मी रिमोटवरचं बोट मुद्दाम हलवलं नाही. दोन रात्री माझी झोप उडवली होती त्याने — थांबू दे जरा. त्याचा चेहरा पडत गेला, पडत गेला...

हलवलं शेपूट.

तो हसला. मी पुन्हा एकदा हलवलं. दुसरं लग्न तरी बाहेर कशाला जाऊ द्यायचं?