पाय झटकून ये

चंद्रावरच्या पाणवठा वस्तीचं दार इतकं खडूस होतं, की एकदा वाट चुकलेली उल्का आली तर तिलाही त्यानं नाव-गाव विचारून परतवून लावलं म्हणतात. खोटं वाटतं? वाटू दे. दार सगुणाबाई परुळेकरांनी बनवलेलं, ते आणखी कसं निघणार? आवाजसुद्धा बाईंनी स्वतःचाच दिलेला. बर्फ खणून आलेल्या माणसानं हातमोजा टेकवला, की दार मोज्यातली खूण वाचायचं, मुभायादीत नाव शोधायचं आणि उघडता उघडता त्याच्या शिरस्त्राणात खेकसायचं, "आलास? पाय झटकून ये!" दाढ्या पिकलेले बाप्येसुद्धा निमूट पाय झटकायचे.

यादीतून खोडलेला हात लागला, तर मात्र दार तासभर कुणालाच उघडायचं नाही. चोरामागून दुसरा चोर शिरू नये म्हणून. हा नियमही बाईंचाच.

त्याच दारापाशी बाईंचा एकुलता एक हेरंब गेला. हवा संपून.

आता बाई प्रयोगशाळेत फिलोमिना डाबरेसमोर बसल्या होत्या. फिलोमिना वसईची. यादी जतन करणारा प्रोग्राम तिनं लिहिलेला.

"सापडला प्रोग्राममधला बग?"

"सापडला, ताई. आधी चहा घ्या."

"चहा घाल चुलीत. बोल."

हेरंबला पलीकडच्या विवरात नवी वस्ती उभारायची होती. बाई म्हणाल्या, मी मेल्यावर जा. भांडण पेटलं आणि बाईंनी चारचौघांत त्याचं नाव यादीतून खोडलं. पडद्यावर अक्षरं उमटली, 'जतन झाले'. ती त्यानं वाचली. परुळेकरांकडे निघताना 'येतो' म्हणायची रीत. तो 'जातो' म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी गुपचूप नाव परत घातलं. पुन्हा 'जतन झाले'. त्याला मात्र कळवलं नाही. आधी त्यानं बोलावं, मग मी! आई कोण, तो की मी?

मग एके दिवशी त्याची गाडी उलटली, रेडिओ फुटला. तो पायी दारापर्यंत आला, त्यानं हात लावला आणि दार उघडलं नाही, असं बाई धरून चालल्या होत्या.

"मी घातलं होतं गं नाव," त्या म्हणाल्या. "तुझ्या प्रोग्रामनं गिळलं."

"गिळलं, खरंय. यादी बदलली की प्रोग्राम नवी पाटी रंगवतो, जुनी उतरवतो आणि तिच्या जागी नवी टांगतो. पण जुन्या फाइलला तुम्ही वरून कुलूप घातलं होतंत."

"कुणी छेडछाड करू नये म्हणून."

"त्यामुळे जुनी पाटी उतरेचना. नवी फेकली जायची. आणि माझं येडं कार्टं टांगली की नाही ते न बघताच 'जतन झाले' म्हणायचं. तिथं चूक माझी."

"म्हणजे तूच मारलंस त्याला." बाईंनी इतका मोठा श्वास सोडला, की महिनाभर तो छातीतच अडकला होता असं वाटावं.

फिलोमिनानं मान खाली घातली. "कळलं कसं, ते ऐका. जगू कुबलमुळे."

जगू आचारी वस्तीची साखर आंबवून दारू गाळायचा. तो बाहेर कामावर असतानाच बाईंनी त्याचंही नाव खोडलं होतं. काल गडी शीळ घालत आत! "मला काढलंय? मला कुणी सांगितलंच नाही!" म्हणाला. वर पायही झटकून आलेला.

बाई हसल्या. मग ते हसू तोंडावर तसंच राहून गेलं.

"जगूचं खोडलेलंही जतन झालं नाही?"

"नाही."

"मग हेरंबचं..."

"प्रोग्रामनं तुमची माया गिळली, तसा रागही गिळला, ताई. मूळ यादी जशीच्या तशी आहे. हेरंबचं नाव तिच्यातून कधी गेलंच नव्हतं."

"मग दार उघडलं का नाही?"

"दाराच्या नोंदीत त्याचा हात नाहीच. त्यानं हातच लावला नाही."

"काहीतरीच! जीव जाताना माणूस हात लावणार नाही?"

"बर्फवाल्यांची टोळी बाहेर होती. परतायची वेळ झालेली, हवा जेमतेम. खोडलेला हात लागला असता, तर..."

"तासभर बंद," बाई म्हणाल्या. स्वतःचाच नियम, त्यांना तोंडपाठ होता.

"ती सगळी माणसं मेली असती. ती येतील आणि आपल्याला आत नेतील, म्हणून तो बसून राहिला. ती पोचली, तोवर..."

बाई उठल्या. हेरंबचा हातमोजा त्यांच्यापाशीच असायचा. हवापोशाख चढवला आणि बाहेर गेल्या. थांबा म्हणायची फिलोमिनाची छाती झाली नाही.

चंद्रावर वारा नाही. तिथं पाऊल उमटलं की उमटलंच. आणि त्याच्या खुणांवर वस्तीतल्या कुणीही पाय दिला नव्हता. पावलं थेट दारापर्यंत आलेली. मग दोन पावलं मागे, आणि भिंतीशी बसल्याचा खळगा. चुकूनसुद्धा हात लागणार नाही, इतक्या अंतरावर.

दाराच्या अगदी पुढ्यात, पावलं वळली तिथं, धुळीचे दोन लहानसे ढीग होते. बाई बराच वेळ बघत राहिल्या, तेव्हा कुठं उमजलं. त्यानं पाय झटकले होते.

त्यांनी त्याचा मोजा दाराला टेकवला.

दार लगेच उघडलं. आणि बाईंच्या कानात बाईच खेकसल्या, "आलास? पाय झटकून ये!"