कफ सुटतोय

सोमवारी सकाळी सव्वासात वाजता डोंबिवली पूर्वेच्या आगाश्यांच्या फ्लॅटमधलं बाथरूमचं दार तोडावं लागलं. आत सोळा वर्षांचा अपूर्व पडला होता. ओठ निळे, श्वास तुटक. मुठीत बोटाएवढं व्हेप, वाफेची ई-सिगारेट.

बुधवारी दुपारी दर्शना रणपिसे कल्याणला खासगी गुप्तहेर नीरजा फणसेच्या ऑफिसात आल्या. सोबत मुलगा होता, प्रेम, एकोणीस वर्षांचा. नीरजाची कामं बहुतेक लग्नाआधीच्या चौकश्यांची. तिचा मदतनीस दौलत भोईर निवृत्त हवालदार. आरोपी चेहऱ्यावरून ओळखता येतो, असं तो नोकरीभर मानत आला होता आणि नोकरीभर चुकत आला होता.

"शुक्रवारी पोलिसांनी बोलावलंय याला," दर्शना म्हणाल्या. "अपूर्वच्या आईची तक्रार आहे. याने विषारी काहीतरी दिलं म्हणे. मॅडम, आत घेतला तर नोकरी गेली, कॉलेज गेलं. ठाकुर्लीच्या चाळीतलं पोर, कोण ऐकणार याचं?"

"दिलंस का तू?" दौलतने विचारलं.

"दोघांनी मिळून घेतलेलं, शीळफाट्याच्या टपरीवर, आत भरायच्या रसाच्या बाटल्यांसकट. ते भरायचं असतं, वर रबराचं बूच असतं. मी मे महिन्यात सोडलं. त्याला जमेना."

"शेवटचा कधी भेटलास?" नीरजाने विचारलं.

"गणपतीच्या आधी. मग त्याच्या आईने माझं येणं बंदच केलं. फोन यायचा. म्हणायचा, घरात आता एक जण आपल्या पार्टीत आहे, हळूहळू सुटेल बघ. मग खोकायला लागला. मागच्या आठवड्यात तर शिव्याच घातल्या. टपरीवाल्याने भेसळ दिली, चव बामसारखी लागते, घशात आग होते. मी म्हटलं, मग ओढतोस कशाला? तर म्हणे, सुटत असतं तर तुला फोन केला असता का?"

प्रेमने मान खाली घातली. दौलतला ती मान ओळखीची वाटली. अशा माना खाली घातलेली पोरं त्याने पुष्कळ आत टाकली होती.

संध्याकाळी दोघं आगाश्यांकडे गेले. अपूर्वची आई उत्तरा बँकेत अधिकारी. नवरा दोह्याला नोकरीला, अजून विमानाचं तिकीट शोधत होता.

"तुम्ही त्यांच्या वतीने आलात, ठाऊक आहे मला," उत्तरा दारातच म्हणाली. "विचारा. लपवण्यासारखं आमच्याकडे काही नाही. फक्त एक अट." तिने आवाज उतरवला. "फुप्फुसांत तेल गेलंय असं डॉक्टर म्हणाले. ते नानांसमोर काढायचं नाही. सासरे माझे. बायपास झालीय. त्यांना न्यूमोनिया एवढंच सांगितलंय."

"व्हेपचं तुम्हाला कधी कळलं?"

"जूनमध्ये. तेव्हापासून रोज जाताना-येताना दप्तर, खिसे, बूट, डबा, सगळं तपासते. क्लासला स्वतः सोडते, स्वतः आणते."

"सापडलं काही?"

"एकदाही नाही! सुटलंय असंच वाटत होतं. खोकला होता, पण हवा बदलली की होतोच त्याला." तिचे डोळे भरले. "त्या पोराला आम्ही घरात घेतलं हो. पानावर बसवून जेवायला वाढलं."

"वाढलं" हा शब्द तिने असा काढला, की दौलतला उगाच पाय आखडून घ्यावेसे वाटले.

मोठी मुलगी क्षिप्रा आतल्या खोलीत होती. ती पुण्याला हॉस्टेलवर राहायची आणि सुगंधी मेणबत्त्या करून विकायची. टेबलावर तेलांच्या बाटल्यांची रांग बघून दौलतने नीरजाला कोपराने ढोसलं.

"बघताय काय काका? मीच टाकलं असं वाटतंय?" क्षिप्रा फटकन म्हणाली. "गणपती झाले तशी मी गेले ती सोमवारी आले. बाटल्यासुद्धा तेव्हाच आल्या, बॅगेत. आणि वाफेचं मशीन. नानांचं होतं, पुण्याच्या धुळीला लागतं म्हणून मी नेलेलं."

मशीन बॅगेतच होतं, वायर गुंडाळलेली.

नानांची, म्हणजे हरिहर आगाश्यांची खोली शेवटची. अपूर्वही इथेच झोपायचा. निवृत्त शिक्षक, अंगात स्वच्छ सदरा, टेबलावर शाईची दौत, ड्रॉपर आणि शाईचं पेन. देवाजवळ तेवणारं निरांजन. उशाशी निलगिरीची बाटली, तळाला आलेली.

"सर्दीचा त्रास का?" नीरजाने विचारलं.

"रोज रात्री मशीनवर वाफ घेतो. छाती मोकळी राहते." नानांनी बाटलीचं बूच घट्ट केलं. "आणि त्या पोराने ही सवय लावून घात केला हो. अपूर्व बरा होत होता. कफ सुटायला लागला होता, चांगली खूण होती. एकदा सगळी घाण बाहेर पडली की झालं."

नीरजाने हॉस्पिटलच्या डॉक्टरांचं नाव लिहून मागितलं. नानांनी पेन उचललं. दोन अक्षरं उमटली, तिसरं फुटलं. शाई कागदावर बसेना, बारीक गोळ्या होऊन पसरली. त्यांनी पेन झटकलं, पुसलं आणि शेवटी नाव तोंडीच सांगितलं.

"जुनं झालंय," ते ओशाळून म्हणाले.

जिना उतरताना दौलत म्हणाला, "मला ती मुलगी बरोबर वाटत नाही. तोंड फार चालतं."

"दौलतराव, तोंड चालणारी माणसं लपवत नाहीत. इथे सगळे एकमेकांना जपतायत, त्याची भीती वाटते मला."

गुरुवारी दुपारी ठाण्याच्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये सगळे जमले. अपूर्व वर व्हेंटिलेटरवर होता. दर्शना आणि प्रेम एका टोकाला, आगाशे दुसऱ्या.

"उत्तराताई, तुमची अट मी मोडणार आहे," नीरजा म्हणाली. "अपूर्वच्या फुप्फुसांत तेल गेलंय. ते व्हेपमध्ये होतं."

नानांनी मान वर केली. उत्तरा अर्धवट उठली, पण नीरजा थांबली नाही.

"ते कोणी भरलं? तुम्ही दप्तर रोज तपासत होतात आणि कधीच काही सापडलं नाही. म्हणजे ते व्हेप घराबाहेर जातच नव्हतं. प्रेम गणपतीनंतर घरात आलेला नाही. खोकला आणि बामसारखी चव त्यानंतरची. अपूर्वला वाटलं टपरीवाल्याने फसवलं. त्याने स्वतः तेल भरलं असतं तर त्याला असं वाटलं नसतं. म्हणजे भरणारा घरातला, आणि अपूर्वच्या नकळत भरणारा."

"मग क्षिप्राची तेलं?" दौलत बोलून गेला.

"ती आणि तिच्या बाटल्या पुण्यात होत्या. आई तर खिसे उलटे करत होती. अपूर्वने प्रेमला सांगितलं होतं, घरात एक जण आपल्या पार्टीत आहे. राहिलं कोण?" नीरजाचा आवाज खाली आला. "नाना, वाफेचं मशीन तर पुण्यात होतं. मग निलगिरी संपली कशी? आणि पेन जुनं नाही. ज्या ड्रॉपरने शाई भरता, त्याच ड्रॉपरने तुम्ही तेल घेत होतात. शाईत तेल गेलं की अक्षर फुटतं."

दौलतला ते फुटलेलं अक्षर डोळ्यांसमोर दिसलं. आपण तेव्हा म्हाताऱ्याची कीव केली होती, एवढंच त्याला आठवलं.



"रडला हो माझ्याजवळ," नाना म्हणाले. "आईला सांगू नका म्हणाला. मी शब्द दिला. वाटलं, हिसकावून घेतलं तर दुसरं आणेल. त्यापेक्षा ओढतोय ते ओढू दे, आतलं बदलू. तो झोपला की त्यातलं काढून टाकायचो. निरांजनाचं तिळाचं तेल आणि निलगिरी भरायचो. अख्ख्या घराला मी वाफ देत आलोय, वाफेने कुणाचं वाईट झालं?" त्यांनी सुनेकडे पाहिलं. "खोकायला लागला तेव्हा वाटलं, कफ सुटतोय. मी थेंब वाढवले. उत्तरा, तेल होतं हे मला सोमवारीच का नाही सांगितलंस?"

 उत्तराने पर्स उचलली.

"नाना, चला. तुम्ही काही बोलला नाहीत."

"आणि तक्रार?" दर्शनांनी विचारलं.

"ती वस्तू आणली कोणी? तुमच्याच मुलाने ना? तक्रार राहील. नानांना या वयात पोलिसांसमोर बसवू? त्यांना कसं झेपेल? तुम्हा लोकांना सवय असते."

"कसली सवय, ताई?" दर्शनांनी शांतपणे विचारलं.

 क्षिप्रा आईकडे बघत राहिली. मग तिने खुर्ची सरकवली आणि एकटीच लिफ्टकडे गेली.

शुक्रवारी प्रेमला अकराला बोलावलं होतं. दौलत त्याच्यासोबत गेला. पोलीस ठाण्याबाहेरच्या बाकावर नाना आधीच बसले होते. नऊला आले होते, घरात न सांगता. जबाब द्यायचाय म्हणाले, तर अंमलदाराने सांगितलं, "आजोबा, फिर्यादी तुमची सून आहे ना? तिला घेऊन या, मग बघू."

नानांनी सरकून जागा केली. प्रेम बसला.

"आजोबा, काही कळलं का त्याचं?"

"नळी काढली नाही अजून. पहाटे बोट हलवलं म्हणे."

दुपारी दीडपर्यंत दोघांपैकी कोणालाही आत बोलावलं नव्हतं. उत्तराचा फोन बंद होता.