पाळणेवालीचा चेहरा

दरीवरचा दोराचा पाळणा ओढणाऱ्या पाळणेवालीचा एक फोटो! एवढ्यासाठी ती दोघं चार दिवस डोंगर तुडवत होती. स्पर्धेची अट कडक होती: प्रवासात भेटलेल्या माणसाचा चेहरा, तोही फक्त मोबाइलवर टिपलेला. जिंकणाऱ्याला वर्षभर देशोदेशी हिंडून फोटो काढायचं काम मिळणार होतं. तिला ते हवंच होतं. नऊ वर्षं फोटोच्या दुकानात पासपोर्टचे फोटो काढताना "हनुवटी खाली, हसू नका" म्हणून म्हणून जीव विटला होता तिचा. सोबत आलेला आतेभाऊ तर तिला 'पासपोर्ट' म्हणूनच हाक मारायचा. पण उजेड ओळखायला शिकवला तोही त्यानेच. कमरेला दोर बांधायची गाठसुद्धा त्याचीच. फोटो तिच्या नावाने जायचा, दादा फक्त सोबतीला, असं घरून निघतानाच ठरलं होतं.

पाचव्या सकाळी दरी आडवी आली. पलीकडे जायला दोराला टांगलेला एकच पाळणा, आणि तो ओढणारी बाई पलीकडे एकटीच राहणारी. दोघं बसली. मध्यावर वारा सुटला. पाळणा कलंडला!

"मेलो!" दादा किंचाळला.

"पोरी, खाली बघू नकोस! माझ्याकडे बघ!" पलीकडून आवाज आला.

ती त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. बाईने दोर ओढला तसा हात हात पुढे सरकत पाळणा काठाला लागला, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

पाळणेवालीच्या खोलीत तिने पोटाशी बांधलेल्या मोज्यातून फोन काढला. थंडीत बॅटरी बसू नये म्हणून ही तजवीज. दार अर्धं लोटून उजेड एका गालावर येऊ दिला, बाहीने भिंग पुसलं, झूम न करता दोन पावलं पुढे सरकली. टक्! असा फोटो तिने जन्मात काढला नव्हता.

"आण, डोळे भरून बघू दे," म्हणत दादा फोन घेऊन खिडकीशी गेला. तोवर ती चुलीत लाकडं सारत बसली. मग तिने फोन परत घेऊन पाळणेवालीपुढे धरला. काढलेला चेहरा आधी त्या माणसाला दाखवायचा, नको म्हटलं तर त्याच्यादेखत पुसायचा, हा तिचा नेम होता.

पाळणेवालीने बराच वेळ पाहिलं. "चांगला आलाय गं. पण पूस. माझ्या नवऱ्याला वाटतं मी मेले. कळलं तर तो मला जिवंत ठेवायचा नाही."

तिने फोटो पुसला, पुसलेल्या फोटोंच्या खणातूनही काढून टाकला. पाळणेवालीने तिच्या गळ्यात एक शिट्टी अडकवली. "कुठं अडकलात तर तीनदा वाजव."

"आपण वरच्या धारेने जाऊ," बाहेर पडताच दादा म्हणाला. "तिथे रेंज येते. घरी कळवायला हवं ना!" तिला ते पटलं. का पटू नये?

धारेवर गुडघाभर बर्फ. दादा स्वतःचा फोन उंच धरून रेंज शोधत पुढे, दोराच्या दुसऱ्या टोकाला ती मागे. त्याची नजर पडद्यावर. पाय घसरला! दादा कड्यावरून खाली. दोर ताणला. ती आडवी फेकली गेली. कसाबसा दोराचा वेढा दगडाला मारला आणि ती त्यावरच बसली.

"दादा! ठीक आहेस ना?"

"फोन! आधी फोन उचल!"

हातातून उडालेला त्याचा फोन तिच्या हाताशीच पडला होता. पडद्यावर पाळणेवाली! खाली स्पर्धकाच्या जागी दादाचं नाव, आणि त्याखाली: 'पाठवत आहे, चाळीस टक्के'.

खिडकीशी उभा राहून त्याने हे केलं होतं तर! तिच्या फोनमधला फोटो स्वतःच्या फोनवर घेतला, ती पाठमोरी असताना.

साठ टक्के! तिने दाताने हातमोजा ओढला. बोट लाकूड झालेलं. पडदा दाद देईना. सत्तर! दोर सरकला, दादा ओरडला. तिने बोट तोंडात घातलं, चोखून गरम केलं. नव्वद! दाबलं. 'रद्द झाले.'

मग ती शिट्टी फुंकत राहिली. तीनदा, पुन्हा तीनदा.

पाळणेवाली जाडजूड दोर घेऊन धापा टाकत आली. "पुसला होतास ना गं?" शिट्टी रेंजच्या धारेवरून आली म्हणून तिने पहिलं तेच विचारलं.

"मावशी, माझा पुसला होता. याच्याकडे एक राहिला होता. मला आत्ता कळलं." तिने फोन पुढे केला. पाळणेवालीने स्वतःच्या अंगठ्याने पडद्यावरचा स्वतःचा चेहरा पुसला. मग कड्याखाली वाकून पाहिलं.

"याला वर घ्यायचाय ना?"

"घ्यायचाय."

दोघींनी ओढून घेतला. वर येताच दादाने फोन घेऊन पाहिला आणि त्याचं तोंड उतरलं. "अगं पासपोर्ट, आपण जिंकलो असतो!"

"आपण?" ती म्हणाली. "नाव वाचलंय मी."

तो काहीबाही सांगत राहिला. तिने कमरेची गाठ सोडली, दोराचं टोक त्याच्या हातात दिलं आणि स्वतःला पाळणेवालीच्या दोराला बांधून घेतलं.