बोलण्याचं दीड पान

तेजसच्या हातात खिळा होता आणि समोर सेक्रेटरी अभयकाकांच्या पांढऱ्या गाडीचं टायर.

"हो बाजूला," तो पूर्वाला म्हणाला. "चारही फोडतो."

टायरला पाठ लावून बसलेली पूर्वा हलली नाही. मे महिन्याची दुपार होती. सुट्टी लागून आठवडा झाला, तरी वाघोलीच्या त्या सोसायटीत खाली कोणी खेळत नव्हतं. कसं खेळणार? त्यांच्या चौकडीतला सार्थक वार्षिक परीक्षा चालू असतानाच पार्किंगमधल्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत पडून मेला होता. मोठी माणसं त्याला 'तो प्रकार' म्हणत होती. त्याच संध्याकाळी टाकीवर झाकण बसलं आणि दुसऱ्या दिवशी बोर्डावर अभयकाकांच्या सहीची नोटीस लागली: मुलांनी हिंसक खेळाच्या भरात टाकीचे झाकण सरकवले. वर कोणीतरी लिफ्टमध्ये म्हणालंच, भाडेकरूंची मुलं, लक्ष कोण देणार!

खेळ कसला हिंसक? तेजस, पूर्वा, कादंबरी आणि सार्थक, चौघं मिळून एक गोष्ट खेळायचे. प्रत्येकाचं एक पात्र. पूर्वा गोष्ट पुढे न्यायची, एकेकाला विचारायची, "आता तू काय करतोस?" आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा. नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक सार्थकच्या आईनं, दीपमालाकाकूंनी, त्याच्या वाढदिवसाला बुधवार पेठेतून जुनं आणलं होतं. त्यात तलवारीचा घाव, कुऱ्हाडीचा घाव, पाठीमागून केलेला घाव. लढाईची पानं संपता संपत नव्हती. समोरच्याशी बोलायचं कसं, याला जेमतेम दीड पान.

तेजसला लढाई तोंडपाठ होती. सार्थक त्या दीड पानावर जगायचा. त्याच्या पात्राच्या, केरबा वाटाड्याच्या, कमरेला साधा चाकूही नव्हता. राक्षस आला की तेजस कुऱ्हाड उपसायचा आणि सार्थक राक्षसाला विचारायचा, "जेवलास का?"

"अरे, तो आपल्यालाच जेवायला आलाय!" तेजस ओरडायचा. कादंबरी हसून लोळायची. आणि असं विचारल्यावर राक्षसाला हल्ला करायला लावणं पूर्वाच्या जिवावर यायचं. निम्मे राक्षस भाकरी खाऊन परत गेले होते.

त्या संध्याकाळी सार्थक एकटाच होता. ते पुस्तक पूर्वाला द्यायला निघाला होता आणि पार्किंगचा दिवा गेलेला होता. कमिटीला टाकीच्या काठावर पडलेल्या त्याच्या पिशवीत पुस्तक सापडलं, उघडल्यावर तलवारी दिसल्या, आणि निकाल लागला. दीड पान कोण वाचतंय?

पूर्वा काकूंकडे गेली होती. काकू अकोल्याकडच्या, कंपनीत कामाला. त्यांनी फाशांची डबी तिच्या हातात दिली. "घेऊन जाय. ते पुस्तक मीच आणून देल्लं त्याले," त्या म्हणाल्या. "मीच मारलं."

टायर फोडून ते वाक्य पुसलं जाणार नव्हतं.

"इकडे या," टाकीपाशी उभी असलेली कादंबरी हळूच म्हणाली.

टाकीशेजारी हिरवळ होती, रोज पाणी घातलेली. तिच्या मधोमध एक चौकोन होता, करपलेला, पिवळा. कादंबरीनं ओढणी काढून आधी टाकीचं झाकण मोजलं, तिथे गाठ मारली, मग तो चौकोन मोजला. ओढणीची गाठ दोन्हीकडे तंतोतंत एकाच जागी आली.

तेजसला कळायला क्षणभर लागलं. एका संध्याकाळी सरकवलेल्या झाकणाखाली गवत मरत नाही. ते झाकण तिथे कितीतरी दिवस पडून होतं. त्यानं खिळा मुठीत आवळला. आता तर जाऊन सगळ्यांना धरतोच, असं त्याचं चाललं होतं.

"भांडलो की ते म्हणतील, बघा, हिंसक," पूर्वा म्हणाली. "आपण त्यांना खेळायला बसवू."

रविवारच्या मीटिंगमध्ये अभयकाकांनी पुस्तक उंच धरून तलवारींची पानं सगळ्यांना दाखवली आणि असल्या खेळांवर बंदीचा ठराव मांडला. शेवटच्या रांगेत दीपमालाकाकू खाली मान घालून बसल्या होत्या. पूर्वानं हात वर केला. बंदीच्या आधी एक डाव खेळून बघा, लढाई नाही, फक्त सांगायचं, असं तिनं विनवलं.

"वा," अभयकाका म्हणाले. "चहा-बिस्किटंही मागवू का?"

पण चेअरमन रंगनाथ आजोबांनी हसून मान डोलावली. टाकीत पाण्याचा टँकर उतरवून घ्यायची कमिटीत पाळी असे. पूर्वानं तेच धरलं.

"अभयकाका, आज पाळी तुमची. टँकरचा हॉर्न वाजला. आता तुम्ही काय करता?"

"खाली जातो. गाडी मागे घ्यायला लावतो. पाइप ओढतो, टाकीत सोडतो, भरेपर्यंत उभा राहतो. झालं?"

खजिनदार काकूंनीही तेच सांगितलं, वर ड्रायव्हर कसा पाणी सांडतो तेही. मग रंगनाथ आजोबांची पाळी आली. "खाली जातो, पाइप ओढतो, टाकीत..." म्हणता म्हणता ते थांबले. त्यांचा चेहरा उतरला.

"झाकण कोणी उघडलं, आजोबा?" पूर्वानं विचारलं.

आजोबांनी अभयकाकांकडे पाहिलं.

"ते उघडंच असतं," अभयकाका पुटपुटले. "दिवसभर टँकर. दर वेळी उघडा, लावा... कोण करणार..." आणि आपण काय बोललो ते कळून त्यांनी पुस्तक खाली ठेवलं. मग कादंबरीनं ओढणी टेबलावर ठेवली आणि करपलेल्या गवताचं सगळं सांगितलं.

मागून दीपमालाकाकू उठल्या. "म्हंजे त्यानं नाही सरकवलं?"

"नाही," रंगनाथ आजोबा म्हणाले. "आम्ही."

दुसऱ्याच दिवशी बिजागरीचं, कुलपाचं झाकण बसलं. एवढंच काम होतं. जुनी नोटीस काढली, माफीची लागली. सगळे मुलांची पाठ थोपटून गेले. केवढी हुशार पोरं, काय नजर! अभयकाकांनी आइस्क्रीम देऊ केलं. तेजसनं घेतलं नाही.

संध्याकाळी तिघं कमिटीनं परत केलेलं पुस्तक मध्ये ठेवून नुसतेच बसले होते. दीपमालाकाकू आल्या आणि सार्थकच्या जागी बसल्या. तो काय खेळायचा, मले शिकवा, म्हणाल्या. केरबा काय बोलतो हे मुलांनी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. आताही कोणाला सुचलं नाही.

"पूल आहे," पूर्वानं सुरुवात केली. "त्यावर राक्षस उभा आहे. तुम्ही केरबा. आता तुम्ही काय करता?"

तेजसनं आपली कुऱ्हाड देऊ केली. काकूंनी नको म्हटलं.

"एकटाच हाये का तो?"

"एकटाच."

काकूंनी फासा खाली ठेवला. "मंग विचारते त्याले. जेवला का रे, बाबू?"

तेजसनं तोंड फिरवलं. कादंबरीनं ओढणी डोळ्यांना लावली. उत्तर पूर्वाला द्यायचं होतं, राक्षसाच्या आवाजात. तिनं ते आपल्याच आवाजात दिलं.

"नाही," ती म्हणाली. "कधीचा उपाशी आहे."